‘साचेबंद’ या दोषाचा पुनर्विचार : तीन खुर्च्या आणि त्यांचे साचे

१

मराठी समीक्षेत ‘साचेबंद’ हे विशेषण इतके रुळलेले आहे की त्याचा अर्थ सहसा कोणी विचारीत नाही. कथानक साचेबंद असते, पात्रे साचेबंद असतात, भावनाही साचेबंद असतात. आणि एकदा असे म्हटले की त्या कृतीचा निकाल लागला असे मानले जाते. या विशेषणामागे एक गृहीतक दडलेले आहे. साचा हे विचारशून्य पुनरावृत्तीचे साधन असून, जेथे साचा सुरू होतो तेथे निर्मिती संपते, हे ते गृहीतक होय. साहित्यात ते कितपत टिकते, हा प्रश्न क्षणभर बाजूस ठेवावा. ज्या क्षेत्रातून ही उपमा उचलली गेली त्या क्षेत्रात तरी ते खरे आहे काय, हे आधी तपासणे अगत्याचे आहे. उपमानाचे ज्ञान नसताना केलेली उपमा समीक्षेला दिशाभूल करणारी ठरते.

हा प्रश्न केवळ शब्दार्थाचा नाही. आजच्या मनुष्याच्या हाताला दिवसभरात जितके आकार लागतात त्यांतील फार मोठा भाग साच्यातून निघालेला असतो. बाटलीचे झाकण, विजेचे बटण, कंगवा, बादली, लेखणीचे आवरण, पादत्राणाचा तळ, बसावयाची खुर्ची, या सर्वांचे रूप कोणीतरी ठरविलेले असते. ‘साचेबंद’ या एका शब्दाने हे सारे क्षेत्र समीक्षेच्या कक्षेबाहेर ढकलले जाते आणि लक्षावधी लोकांच्या वाट्याला येणाऱ्या रूपांचा गुणदोषविचार कोणीच करीत नाही, अशी स्थिती उद्भवते. म्हणून प्लास्टिक व रबर यांच्या वस्तूंचे साचे कसे आखले जातात याचा प्रथम विचार करून, त्या प्रकाशात तीन प्रसिद्ध खुर्च्यांचे परीक्षण करणे, आणि त्यावरून ‘साचेबंद’ या दोषाची व्याख्या नव्याने बांधणे, हे या विवेचनाचे प्रयोजन आहे.

२

साच्यांचे दोन मूलभूत प्रकार आहेत : मोडणारा साचा आणि उघडणारा साचा. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावावर असलेल्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात धातुमूर्ती ओतण्याची रीत वर्णिलेली आहे. प्रथम मेणाची मूर्ती घडवावी, तिच्यावर मातीचे लेप द्यावेत, तापवून मेण काढून टाकावे, त्या पोकळीत वितळलेला धातू ओतावा व तो निवाल्यावर माती फोडावी, अशी ती रीत आहे. येथे साचा एका मूर्तीसाठी जन्मतो व तिच्या जन्माबरोबर नष्ट होतो. त्यामुळे मूर्तीने कोणताही आकार धारण करावा. कटीवरचा हात, पायांमधील पोकळी, मागे वळलेली बोटे यांपैकी कशालाही त्या साच्याची हरकत नसते.

पोलादी साच्याची गोष्ट निराळी आहे. तो लक्षावधी वेळा मिटावयाचा व लक्षावधी वेळा उघडावयाचा असतो, आणि प्रत्येक वेळी आतील वस्तू न दुखावता बाहेर यावी लागते. वस्तूच्या या बाहेर येण्याला ‘निर्गम’ असे नाव देता येईल. मोडणाऱ्या साच्यात निर्गमाचा प्रश्नच उपस्थित होत नाही. उघडणाऱ्या साच्यात तो पहिला प्रश्न असतो. रायगड जिल्ह्यातील पेण येथे गणेशमूर्तींसाठी वापरले जाणारे रबरी साचे या दोहोंच्या मध्ये उभे आहेत. रबर वाकते, ताणले जाते व मूर्तीवरून सोलून काढता येते; म्हणून सोंडेच्या वळणाखालील खाच किंवा बाहूमागील पोकळी त्या साच्याला अडवीत नाही. साचा कठीण आहे की लवचिक, एकदाचा आहे की कायमचा, यावर रूपाचे स्वातंत्र्य अवलंबून असते. तेव्हा ‘साचा’ असा एकच सरसकट शब्द वापरून काही सिद्ध होत नाही, हे येथेच स्पष्ट होते.

३

प्लास्टिकच्या दाबओतकामाचे तत्त्व थोडक्यात असे सांगता येईल. प्लास्टिकचे दाणे तापलेल्या नळीत वितळतात. नळीतील स्क्रू तो दाट रस पुढे रेटतो. रस पोलादी साच्याच्या पोकळीत भरतो, तेथे थंड होऊन घट्ट होतो आणि साचा उघडून वस्तू बाहेर ढकलली जाते. सेल्युलॉइडसाठी अशा प्रकारच्या यंत्राचे पेटंट अमेरिकेत हायट बंधूंनी १८७२ मध्ये घेतले होते. साच्याच्या दोन अर्धांपैकी ज्यात वस्तूचा बाह्यभाग घडतो त्यास कारखान्यात ‘कॅव्हिटी’ म्हणतात व ज्यावर अंतर्भाग घडतो त्यास ‘कोअर’ म्हणतात. रसाच्या दाबाने हे अर्ध विलग होऊ नयेत म्हणून यंत्र ते आवळून धरते. मध्यम आकाराच्या वस्तूलाही हा जोर शेकडो टनांचा लागतो.

साचा आखणाऱ्यापुढे जे निर्णय येतात त्यांतील पहिला निर्णय दोन अर्ध कोठे मिळावेत हा होय. त्या मीलनाची रेषा, म्हणजे पार्टिंग लाइन, वस्तूवर कायमची उमटते. ती कडेवर आली तर दिसत नाही, पृष्ठाच्या मध्यभागी आली तर व्रणासारखी दिसते. दुसरा निर्णय उताराचा, ज्यास ‘ड्राफ्ट’ म्हणतात. साच्यातून निघण्याच्या दिशेला नेमकी समांतर असलेली भिंत पोलादाला घासत बाहेर येते; म्हणून ती एखादा अंश तरी कलती ठेवावी लागते. एक अंशाचा कल १०० मिलिमीटर उंचीवर सुमारे १.७५ मिलिमीटरचा फरक पाडतो. खुर्चीच्या ४०० मिलिमीटर उंच पायावर तोच फरक प्रत्येक बाजूस ७ मिलिमीटर होतो. पृष्ठाला खरखरीत पोत द्यावयाचा असेल तर कल आणखी वाढवावा लागतो. डोळ्याला उभी वाटणारी प्लास्टिकची भिंत प्रायः उभी नसते, ती या कारणाने.

तिसरा निर्णय जाडीचा. वस्तू निवण्यास लागणारा काळ साधारणतः जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट केली की काळ चौपट होतो. म्हणून बळकटीसाठी भिंत जाड करण्याऐवजी तिच्या पाठीमागे बारीक फासळ्या, म्हणजे ‘रिब’, घालाव्या लागतात. परंतु फासळी फार जाड झाली तर तिच्या मुळाशी साचलेला रस उशिरा निवतो, आत ओढला जातो आणि समोरच्या गुळगुळीत पृष्ठावर खळगी पडते. म्हणून फासळीची जाडी भिंतीच्या निम्म्याच्या आसपास ठेवण्याचा प्रघात आहे. चौथा निर्णय रसाच्या प्रवेशद्वाराचा, म्हणजे ‘गेट’चा. रस कोठून शिरतो यावर तो कोणत्या वाटेने वाहील हे ठरते. एखाद्या छिद्राभोवती त्याचे दोन प्रवाह होऊन पुन्हा मिळतात तेव्हा त्या संगमावर जोडरेषा उरते, आणि तेथे वस्तू इतर ठिकाणापेक्षा दुबळी असते. पाचवा निर्णय हवेचा. रस आत आला की आधीची हवा बाहेर गेली पाहिजे. तिला अगदी पातळ फटी ठेवाव्या लागतात. त्या जाड झाल्या तर रसच बाहेर येतो, आणि त्या नसतील तर कोंडलेली हवा दाबाने तापून कोपऱ्यातील प्लास्टिक करपवते.

याशिवाय आकसण्याचा हिशेब आहेच. पॉलिप्रॉपिलीन निवताना सुमारे एक ते अडीच टक्के आकसते. ४५० मिलिमीटर रुंदीची बैठक दीड टक्का आकसली तर जवळजवळ ७ मिलिमीटरचा फरक पडतो. म्हणून साचा इष्ट वस्तूपेक्षा मोठा करावा लागतो. आणि वस्तू सर्व दिशांनी सारखी आकसत नसल्यामुळे केवळ प्रमाणात मोठा करून भागत नाही. साचा ही वस्तूची प्रतिकृती नसते. वस्तू पुढे कशी वागेल याविषयीचे ते एक भाकीत असते.

रबराच्या साच्यात यांतील काही गोष्टी उलट होतात. प्लास्टिकचा तप्त रस थंड साच्यात घट्ट होतो, तर रबर तप्त साच्यात व्हल्कनायझेशन होऊन पक्व होते. तापताना रबर इतके पातळ होते की अत्यंत सूक्ष्म फटीतूनही ते बाहेर पडते व कडेला ‘फ्लॅश’ नावाची पातळ पापडी उरते. मात्र पक्व रबर ताणले जात असल्यामुळे खाच असलेली वस्तूही साच्यातून ओढून काढता येते. पेणच्या उदाहरणात साचा लवचिक होता. येथे वस्तू लवचिक आहे. निर्गमाची अट दोन्हीकडे एकच असून, ती दोहोंपैकी कोणी तरी वाकून पूर्ण करतो. जेथे साचाही कठीण व वस्तूही कठीण, तेथे रूपालाच वाकावे लागते.

या निर्णयमालिकेवरून एक गोष्ट सिद्ध होते. साच्यातून वस्तू निघताना विचार होत नसतो, हे खरे. परंतु त्याचे कारण सर्व विचार त्यापूर्वीच पोलादात कोरला गेलेला असतो हे आहे. कवी वृत्ताचा साचा स्वीकारतो तेव्हा प्रत्येक कवितेत त्याला नव्याने शब्द निवडावे लागतात. साचा आखणाऱ्याला ही मुभा नसते. त्याची चूक एकदाच होते, पण ती लाख वेळा जन्म घेते.

४

अशा वस्तूच्या परीक्षणासाठी कोणती परिभाषा वापरावी? बा. सी. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथात संवाद, विरोध व समतोल या लयतत्त्वांच्या आधारे सौंदर्याची मीमांसा केली. त्यांच्या मते सौंदर्य हे घटकांच्या परस्परसंबंधांत असते. हा विचार साच्यातील वस्तूस लागू करताना त्यात एका संबंधाची भर घालणे आवश्यक ठरते. खुर्चीची वक्र रेषा व तिचा रंग, तिची बैठक व तिची पाठ, यांचे संबंध डोळ्यास दिसतात. परंतु रूप आणि साचा यांचाही एक संबंध असतो, व तो वस्तूवरील खुणांतून वाचता येतो. पार्टिंग लाइन कोठे आहे, गेटचा ठिपका कोठे आहे, वस्तू बाहेर ढकलणाऱ्या इजेक्टर पिनांची वर्तुळे कोणत्या बाजूस आहेत, फासळ्या कोणत्या भारासाठी आहेत, या सर्व खुणा म्हणजे त्या वस्तूची संहिता होय. हस्तलिखिताच्या अभ्यासकाला जशी कागदाची घडी व शाईचा डाग बोलका असतो, तशा या खुणा परीक्षकाला बोलक्या असल्या पाहिजेत. हा संबंध संवादाचा असू शकतो, विरोधाचा असू शकतो, आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे एका तिसऱ्या प्रकारचाही असू शकतो.

५

पहिले उदाहरण ब्रिटिश अभिकल्पक रॉबिन डे (१९१५–२०१०) यांच्या पॉलिप्रॉपिलीन खुर्चीचे. हिली या कंपनीने ती १९६३ मध्ये बाजारात आणली. पॉलिप्रॉपिलीन तेव्हा नवे होते. इटलीतील ज्यूलिओ नात्ता यांनी १९५४ मध्ये त्याचा नियमित रचनेचा प्रकार सिद्ध केला होता, आणि १९६३ मध्येच त्यांना कार्ल झीग्लर यांच्यासह रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. एका अखंड कवचाची खुर्ची ही कल्पना मात्र नवी नव्हती. चार्ल्स व रे ईम्स यांच्या काचतंतूयुक्त प्लास्टिकच्या कवचखुर्च्या १९५० पासून प्रचारात होत्या. डे यांचे वैशिष्ट्य त्या कल्पनेला दाबओतकामाच्या साच्याचे ऐकावयास लावण्यात आहे.

या कवचाची पाठ व बैठक यांमधील कोन काटकोनाहून मोठा आहे. त्यामुळे दोन्ही पृष्ठे एकाच दिशेने साच्यातून सुटू शकतात. आणि बसणाऱ्याच्या पाठीला जो कल सुखद वाटतो तोच कल निर्गमाला उपकारक ठरतो. कडा सर्व बाजूंनी मागे वळविलेली आहे. ही वळवलेली कडा पातळ कवचाला ताठपणा देते, बोटांना धारदार लागत नाही, आणि दोन अर्धांच्या मीलनाची रेषा दर्शनी पृष्ठापासून दूर ठेवते. पायांसाठीचे बुंधे बैठकीच्या खालच्या बाजूस कवचाबरोबरच ओतलेले आहेत. अशा जाड बुंध्यांच्या वर खळगी दिसण्याचा धोका असतो, व पृष्ठाला दिलेला बारीक खरखरीत पोत तिला झाकण्यास साहाय्यभूत होतो, शिवाय ओरखडेही लपवतो. पाय मात्र पोलादी नळीचे आहेत. प्लास्टिकला जे सहज जमते ते प्लास्टिककडे व जे जमत नाही ते पोलादाकडे, अशी ही कार्यविभागणी असून, त्यामुळेच एकाच कवचाखाली निरनिराळ्या प्रकारचे पाय बसविता आले.

येथे रूप व साचा यांचा संबंध संवादाचा आहे. कोणती रेषा सौंदर्यासाठी, कोणती सोयीसाठी व कोणती निर्गमासाठी, हे वेगळे काढून दाखविता येत नाही. तथापि या संवादाला एक मर्यादा आहे, तीही नोंदविली पाहिजे. ही खुर्ची कोठेही धोका पत्करीत नाही. शाळा, रुग्णालये व सभागृहे यांतून ती सर्वत्र पसरली, आणि पसरताना अदृश्य झाली. तिच्याकडे पाहून कोणी थबकत नाही. संपूर्ण संवादात जी एक निस्तरंगता येते तिचा हा परिणाम होय.

६

दुसरे उदाहरण याच्या अगदी उलट आहे. डॅनिश अभिकल्पक व्हेर्नर पँटन (१९२६–१९९८) यांना एकाच द्रव्याची, एकाच तुकड्याची व मागील पायांचा आधार नसलेली खुर्ची हवी होती. एक वळसेदार रेषा पाठीवरून बैठकीत व बैठकीखालून जमिनीवर उतरते. तिचा भार पुढच्या वळणावर तोलला जातो. ही कल्पना १९५० च्या दशकाच्या अखेरीची. ती प्रत्यक्षात आणण्यास तयार असलेला उत्पादक त्यांना बऱ्याच काळाने वित्रा या कंपनीच्या रूपाने मिळाला. १९६७ मध्ये काचतंतूयुक्त पॉलिएस्टरची पहिली मर्यादित आवृत्ती निघाली. १९६८ मध्ये ताठ पॉलियुरेथेन फेसाची आवृत्ती आली. परंतु साच्यातून निघाल्यावर तिला लांबी भरणे, घासणे व रंगविणे आवश्यक होते. साच्याची खुर्ची म्हणून जी ओळखली जात होती तिचा शेवटचा हात मनुष्याचाच होता.

१९७१ मध्ये खुर्ची पॉलिस्टायरीनच्या कुळातील द्रव्यात, दाबओतकामाच्या साच्यातून, निघू लागली. रंग द्रव्यातच मिसळलेला असल्याने घासणे व रंगविणे संपले, किंमत उतरली. परंतु जेथे भार एकवटतो त्या बैठकीखालील वळणाला आधार देण्यासाठी तेथे फासळ्या घालाव्या लागल्या. ज्या रेषेने कोठेही न थांबता वाहावे अशी मूळ कल्पना होती, तिच्या पोटाला हे टेकू लागले. त्यानेही भागले नाही. हे द्रव्य कालांतराने व ऊनपावसाने थकते, असे अनुभवास आले. खुर्च्या मोडू लागल्या व १९७९ मध्ये हे उत्पादन थांबले. त्यानंतर पुन्हा पॉलियुरेथेनचा आश्रय घेण्यात आला. अखेर १९९९ मध्ये, म्हणजे पँटन यांच्या मृत्यूनंतरच्या वर्षी, पॉलिप्रॉपिलीनची दाबओतकामाची आवृत्ती आली.

येथे रूप व साचा यांचा संबंध विरोधाचा आहे. रूप आधी निश्चित झाले, आणि चार दशके साचे व द्रव्ये त्याच्यामागे धावत राहिली. द्रव्याशी प्रामाणिक राहणे हीच कसोटी मानणारा परीक्षक ही खुर्ची सदोष ठरवील, आणि १९७१ ते १९७९ या काळातील आवृत्तीपुरता त्याचा निर्णय योग्यही असेल. कारण बसणाऱ्याखाली मोडणारी खुर्ची कितीही सुंदर असली तरी खुर्ची म्हणून अपयशी होय. परंतु त्या परीक्षकाला एका गोष्टीचे स्पष्टीकरण देता येणार नाही. इतकी द्रव्ये बदलूनही ही रेषा टाकून द्यावी असे कोणास वाटले नाही, याचे कारण काय? साच्याच्या सुलभ मार्गाने गेले असते तर ती रेषा जन्मालाच आली नसती. विरोधातून आलेल्या अपयशाने साच्यांच्या कलेपुढे एक प्रश्न उभा ठेवला, आणि तो सुटेपर्यंत हलू दिला नाही. संवादापेक्षा विरोध महाग असतो. परंतु रूपाच्या इतिहासात नवे पाऊल बहुधा त्यानेच पडते.

७

तिसरे उदाहरण सर्वांत परिचित व सर्वांत तिरस्कृत आहे. पाय, बैठक, पाठ व हात एकाच ओतात घडविलेली पॉलिप्रॉपिलीनची खुर्ची ‘मोनोब्लॉक’ या नावाने ओळखली जाते. या प्रकाराचा एक प्रमुख आरंभ म्हणून फ्रान्समधील आंरी मासोने यांच्या १९७२ च्या ‘फोतय ३००’ या खुर्चीचा निर्देश केला जातो. त्यांनी एका खुर्चीचा उत्पादनकाल दोन मिनिटांच्या आत आणला, हे त्यांचे मुख्य कर्तृत्व मानले जाते. पुढे अनेक देशांतील अनेक कारखान्यांनी तिचे असंख्य अवतार काढले. महाराष्ट्रातही लग्नाचा मांडव, ग्रामसभा, चहाची टपरी, रुग्णालयाचा व्हरांडा, यांपैकी कोणतेही स्थळ तिच्यावाचून राहिलेले नाही. वाइल आम राइन येथील वित्रा डिझाइन म्यूझियमने २०१७ मध्ये केवळ या खुर्चीला वाहिलेले प्रदर्शन भरविले.

या खुर्चीला कोणतेही स्थळ नाही, काळ नाही व कर्ता नाही, असा आक्षेप वारंवार घेतला जातो. ‘साचेबंद’ या शब्दाचे ती जणू मूर्तिमंत उदाहरण होय. परंतु तिच्यावरील खुणा वाचल्या तर या आक्षेपाचा पूर्वार्ध टिकत नाही. तिचे पाय खाली बाहेर फाकलेले व आतून उघडे असतात; या आकारामुळे ते कोअरवरून सुटतात, एकीवर एक खुर्ची रचता येते, आणि पातळ भिंत काटकोनी वळल्याने ताठही राहते. तीन प्रयोजने एका आकाराने साधणे ही सामान्य बुद्धीची करामत नव्हे. पाठीतील उभ्या फटी द्रव्य वाचवतात, हवा खेळू देतात; परंतु प्रत्येक फटीपलीकडे रसाचे प्रवाह पुन्हा मिळतात, म्हणून तेथे जोडरेषेचा दुबळेपणा संभवतो. पाठीची जाळी कशी आखावी हा त्यामुळे नक्षीचा तसाच रसाच्या वाटांचाही प्रश्न असतो. काही अवतारांत या पाठीवर वेताच्या विणीचा किंवा फुलापानांचा आभास उमटविलेला आढळतो. वेताची वीण ही ज्या श्रमाची खूण आहे तो श्रम येथे झालेलाच नसतो. साच्याच्या खऱ्या कौशल्याला झाकून उसन्या कौशल्याचा देखावा उभा करणे, हा या खुर्चीतील एक सच्चा सौंदर्यदोष होय. तो साच्यामुळे आलेला नसून साच्याची लाज वाटल्यामुळे आलेला आहे.

आक्षेपाचा उत्तरार्ध, म्हणजे कर्ता नसणे, अधिक गंभीर आहे. परंतु त्याचा अर्थ आक्षेपकांना वाटतो त्याहून निराळा आहे. पोलादी साचा महाग असतो व द्रव्याचा खर्च प्रत्येक खुर्चीमागे पुन्हा पुन्हा येतो. म्हणून एकदा साचा ठरला की स्पर्धा भिंतीच्या जाडीवर येऊन ठेपते. भिंत थोडी पातळ केली की द्रव्यही वाचते आणि जाडीच्या वर्गाच्या नियमाने वेळही वाचतो. द्रव्यात स्वस्त खनिज पूड मिसळता येते. उन्हापासून रक्षण करणारे घटक कमी करता येतात. यांतील प्रत्येक काटछाट अल्प असते व कोणा एकाची नसते. परिणाम मात्र तीन-चार उन्हाळ्यांनंतर बैठकीच्या कोपऱ्यात तडकतो. या ठिकाणी रूप व साचा यांचा संबंध संवादाचा नाही, विरोधाचाही नाही, आणि मर्ढेकरांच्या अर्थाने समतोलाचा तर नाहीच. येथे रूपाने आपला हक्क सोडून दिलेला आहे. हिशेब जेथे नेईल तेथे ते जाते. या तिसऱ्या संबंधाला ‘शरणागती’ हेच नाव योग्य ठरेल.

तरीही या खुर्चीविषयीचा निर्णय एवढ्यावर संपत नाही. जी वस्तू विकत घेणे ज्यांना कधी शक्य नव्हते त्यांना तिने जमिनीवरून उठवून बरोबरीच्या उंचीवर बसविले, ही गोष्ट मानाच्या आसनांची उतरंड पाळणाऱ्या समाजात क्षुल्लक मानता येणार नाही. डॉन शेंडॉर्फर या अमेरिकन अभियंत्याने २००१ मध्ये स्थापन केलेल्या संस्थेने अपंगांसाठी अल्पमोली चाकाची खुर्ची केली तेव्हा बैठक म्हणून हीच खुर्ची निवडली. कारण ती हलकी, धुता येणारी व स्वस्त होती. तडकलेली बैठक तारेने शिवून वापरणारी माणसेही या खुर्चीच्या इतिहासात आहेत. ज्या वस्तूच्या दुरुस्तीचा विचार साच्यात कोणी केला नव्हता, त्या वस्तूत वापरणाऱ्यांनी तो मागाहून शिवला.

८

या पद्धतीवर एक आक्षेप संभवतो. उतार, जाडी, गेट ही अभियांत्रिकीची बाब असून सौंदर्यविचाराशी तिचा संबंध नाही, असे म्हणता येईल. यावर कांटने १७९० मध्ये केलेल्या भेदाचे स्मरण उपयुक्त ठरते. मराठीत त्या भेदाची चर्चा प्रामुख्याने रा. भा. पाटणकर यांच्यामुळे परिचित झाली. स्वायत्त सौंदर्याला वस्तू काय आहे हे जाणण्याची गरज नसते. परायत्त सौंदर्यात ती वस्तू काय असावी ही संकल्पना गृहीत असते. खुर्ची निःसंशय दुसऱ्या प्रकारात मोडते. आणि साच्यातील खुर्ची काय असावी या संकल्पनेत ती साच्यातून बाहेर येऊ शकते हे अंतर्भूत आहे. ज्याप्रमाणे छंदाचे ज्ञान नसलेला वाचक यतिभंग दाखवू शकत नाही, त्याप्रमाणे निर्गमाची अट न जाणणारा परीक्षक खुर्चीच्या रेषेतील धाडस व भित्रेपणा वेगळे करू शकत नाही. त्याला पँटनची रेषा लहरीसारखी व डे यांची रेषा सामान्य वाटेल. दोन्ही निर्णय अपुऱ्या माहितीवर आधारलेले असतील.

याचा अर्थ साच्याशी अनुकूलता म्हणजेच सौंदर्य, असा मात्र घेऊ नये. तसे असते तर तिन्ही खुर्च्यांत मोनोब्लॉक श्रेष्ठ ठरली असती, कारण साच्याची आज्ञा तिच्याइतकी कोणी पाळलेली नाही. साच्याचे ज्ञान हा निर्णयाचा आधार होय. तो स्वतः निर्णय नव्हे.

९

आता आरंभीच्या विशेषणाकडे वळावयास हरकत नाही. साच्यातून येणे हा दोष नाही. तिन्ही खुर्च्या अखेर साच्यातून येतात. पुनरावृत्ती हाही दोष नाही. डे यांच्या खुर्चीची लाखावी प्रत पहिलीइतकीच विचारपूर्ण आहे. ज्या ठिकाणी साच्याच्या अटींना उत्तर देण्याचे कोणी थांबवितो, मग ते उत्तर संवादाचे असो वा विरोधाचे, त्या ठिकाणी वस्तू साचेबंद होते. साहित्यालाही हीच व्याख्या लावून पाहावी. अभंगाच्या ठरीव चरणांत लिहिलेली रचना तेवढ्याने साचेबंद होत नाही, आणि मुक्तछंदात लिहिल्याने साचेबंदपणातून सुटत नाही. विशेषण वापरणाऱ्याने इतके दाखवून दिले पाहिजे की, साचा कोणता होता, त्याची अट कोणती होती, आणि लेखक नेमका कोठे तिच्यापुढे गप्प बसला. हे दाखविता येत नसेल तर समीक्षकाचे ते विशेषणच साचेबंद होय.

वस्तूंच्या बाबतीत या व्याख्येतून समीक्षेवर आणखी एक कर्तव्य येते. बहुतेक प्लास्टिकच्या वस्तूंच्या पोटावर त्रिकोणात द्रव्याचा अंक कोरलेला असतो. पॉलिप्रॉपिलीनसाठी तो ५ आहे. पुष्कळदा महिना व वर्ष दाखविणारे एक लहान चक्रही तेथे असते. द्रव्य आणि काळ यांची नोंद साचा अशा रीतीने स्वतःच करून ठेवतो; भिंत किती पातळ करावी हे कोणी ठरविले, याची नोंद मात्र तेथे नसते. ती रिकामी जागा वाचणे हे अभियंत्याचे काम नाही व व्यापाऱ्याचे तर नाहीच. रूपाचा विचार करणाऱ्यांनी जर ती वाचली नाही, तर लक्षावधी लोक ज्यांवर रोज बसतात त्या रूपांना उत्तरदायी असा कोणीच उरणार नाही. खुर्ची उलटी करून पाहणे हा अशा समीक्षेचा पहिला पाठ होय.